क्रिएटिव्ह कॉमन्सचा सपोर्ट जोडताय? आधी ‘रिकामं’ म्हणजे काय ते ठरवा

आपली कृती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारी तयार लायसन्सं म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, थोडक्यात सीसी. डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा सपोर्ट जोडणं, म्हणजे फाइलमध्येच तिचं लायसन्स निवडून नोंदवायची सोय करणं, हे ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्यासाठी चांगलं काम आहे, असं सगळे सांगतात. मीही तेच सांगेन. फक्त ‘एक ड्रॉपडाउन टाक आणि सेव्ह करताना एक ओळ लिही, झालं’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. ड्रॉपडाउन एका संध्याकाळी होतो. तो झाला की खरं काम सुरू होतं.

सीसीची सहा लायसन्सं, सगळे हक्क सोडून देणारं सीसी झीरो वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. प्रोग्राम जीपीएल (ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं एक लायसन्स) आहे म्हणून त्यात काढलेलं चित्र जीपीएल होत नाही, हेही. अभ्यासाला इंकस्केप हा चित्रं काढायचा ओपन सोर्स प्रोग्राम घ्या. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधल्या लायसन्सच्या टॅबवर एखादं लायसन्स निवडा, सेव्ह करा आणि ती एसव्हीजी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचा. लायसन्सची माहिती ज्यात लिहिलेली असते तो आरडीएफचा तुकडा डोळ्यांनी पाहिल्यावर जे कळतं ते दहा व्हिडिओ पाहून कळत नाही. फोटोंसाठी एक्सएमपी लागेल, म्हणजे फाइलमध्येच तिच्याबद्दलची माहिती (मेटाडेटा) लिहून ठेवायची पद्धत. ती वाचणारा कोड, म्हणजे पार्सर, स्वतः लिहायच्या फंदात पडू नका, रेग्युलर एक्स्प्रेशनने तर मुळीच नको. एक्झिव्ह२ ही तयार लायब्ररी कशासाठी आहे?

आता यातला खड्डा. मी त्यात पडलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

एक्सएमपीच्या हक्कांच्या भागात ‘मार्क्ड’ नावाचं फील्ड आहे. ट्रू असेल तर कृतीवर हक्क आहेत. सीसीची सहाही लायसन्सं इथेच येतात, कारण कॉपीराइट असतो म्हणूनच लायसन्स देता येतं. फॉल्स असेल तर कृती पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे तिच्यावर कुणाचाच हक्क नाही. आणि फील्डच नसेल तर? तर ‘माहीत नाही’. तीन अवस्था आहेत, दोन नाहीत. पण आपला हात सवयीने बुलियन, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स एवढंच मावणारं व्हेरिएबल, लिहितो आणि सुरुवातीला त्यात फॉल्स भरून ठेवतो. वापरणाऱ्याने लायसन्सच्या टॅबला हातही लावला नाही, नुसता फोटो क्रॉप करून सेव्ह केला, की तुमच्या कोडने कुणाच्या तरी लग्नाचे फोटो पब्लिक डोमेन म्हणून जाहीर केले! एरर नाही, क्रॅश नाही, टेस्ट सगळ्या हिरव्या. फाइल एक्झिफटूल या मेटाडेटा दाखवणाऱ्या प्रोग्रामने उघडून पाहीपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

हाच घोळ ड्रॉपडाउनमध्ये वेगळ्या वेषात येतो. तुमच्या यादीत सीसी लायसन्सांची फक्त २०१३ ची ४.० आवृत्ती आहे समजा. समोर जुनी फाइल आली, तिच्यावर भारतासाठी बनवलेलं २.५. (सीसी इंडियाची सुरुवात २००७ मध्ये आयआयटी मुंबईत झाली, ४.० पासून देशोदेशीच्या वेगळ्या आवृत्त्या बंद झाल्या.) यादीत जुळणी सापडली नाही म्हणून ड्रॉपडाउन ‘काही नाही’ दाखवतो. माणूस शीर्षकातली चूक सुधारून सेव्ह करतो आणि मूळ लायसन्स पुसलं जातं. फाइलमध्ये लायसन्स त्याच्या वेबपत्त्याने नोंदवलेलं असतं. तो पत्ता ब्राउझरमधून कॉपी केलेला असेल तर शेवटी ‘डीड’ची शेपटी असते. कुठे एचटीटीपी, कुठे एचटीटीपीएस, कुठे शेवटचा स्लॅश गायब. नुसती स्ट्रिंग ताडून पाहिलीत तर हे सगळे अनोळखी ठरतात.

म्हणून जुळवताना पत्ता साफ करून जुळवा, पण फाइलमध्ये परत लिहिताना जसा होता तसाच लिहा. ओळख पटली नाही तर ‘वेगळं लायसन्स’ असं म्हणून तो पत्ता दाखवा. आणि २.५ चं परस्पर ४.० करू नका. लायसन्स देणारा कोणी दुसराच आहे, प्रोग्रामला तो अधिकार नाही. डीफॉल्ट लायसन्सही ठेवू नका. सीसीचं लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, ते नकळत दिलं जायला नको.

एवढं वाचून घाबरायला होत असेल तर सांगतो, कोड खरंच थोडा आहे. गणितात हुशार असायची गरज नाही, वकील असायची तर नाहीच. चिकाटी मात्र लागते, कारण पहिला पॅच (तुम्ही पाठवलेला कोडमधला बदल) दुरुस्तीसाठी परत येणारच. माझं मत विचाराल तर ‘छान केलंस’ म्हणणाऱ्या मेंटॉरपेक्षा ‘एक्सपोर्ट केल्यावर काय होतं?’ एवढंच लिहून गप्प बसणारा शंभर पटीने बरा. अशा माणसाचा राग येतो. येऊ द्या, पण त्याला सोडू नका. गूगलच्या समर ऑफ कोडची (नवख्यांना मानधन देऊन ओपन सोर्सचं काम देणारा कार्यक्रम) वाट पाहत बसणाऱ्यांचं मला कळत नाही. आधी दोन बग सोडवा, मग अर्ज करा.

एक्सपोर्टचं म्हणाल तर ते तपासाच. आकार लहान करताना किंवा पीएनजी काढताना मेटाडेटा बहुतेक वेळा गळतो. चार फाइली हाताशी ठेवा: लायसन्स नसलेली, सीसी झीरोची, जुन्या २.५ ची आणि मुद्दाम वेडावाकडा पत्ता घातलेली. प्रत्येक उघडा, काहीही न बदलता सेव्ह करा, आधीचा आणि नंतरचा मेटाडेटा डिफमध्ये (दोन फाइलींतला फरक दाखवणारं साधन) ताडून पाहा. फरक दिसला तर पॅच पाठवू नका.