भूमध्य समुद्राकाठची जुनी बॅकपॅकिंग ट्रिप लिहून काढताय? मग या चुका टाळा

आमच्या वयाची मंडळी रिटायर व्हायला लागली तशा माळ्यावरच्या बॅगा खाली यायला लागल्या. कुणी ८८ ला इटली-ग्रीस केलेलं असतं, कुणी ९६ ला स्पेन-मोरोक्को, पाठीवर सॅक, रात्री ट्रेनमध्ये झोप आणि दिवसा पाव-टोमॅटो-चीज. आता त्याचं फोटोबुक करायचं असतं, नातवंडांसाठी लिहून ठेवायचं असतं आणि ते सगळं पुढच्या महिन्यातल्या साठीशांतीच्या आत हवं असतं. मग मला फोन येतो, कारण आमच्या ग्रुपच्या १९९० च्या ट्रिपचं हे काम मी नीट पूर्ण केलंय हे आता सगळ्यांना कळलंय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी आठवणी लिहायला बसणं आणि कागद नंतर शोधणं. लोकांना वाटतं माझी स्मरणशक्ती चांगली आहे, मला सगळं काल घडल्यासारखं आठवतं. काल घडल्यासारखं आठवतं ना, तिथेच गडबड असते.

आमच्याच ग्रुपमधला किस्सा सांगतो. आम्ही तेव्हा जर्मनीत ट्रेनिंगला होतो आणि उन्हाळ्यात सुट्टी काढून इटली, ग्रीस, तुर्कस्तान आणि येताना युगोस्लाव्हिया असं फिरलो. आमच्यातला एकजण गेली कित्येक वर्षं प्रत्येक गेट-टुगेदरला पिसाच्या मनोऱ्यावर चढल्याची गोष्ट सांगतो. गोष्ट मस्त आहे, संगमरवरी पायऱ्या मधोमध झिजलेल्या, गोल जिन्यात कधी भिंत अंगावर येते तर कधी आपणच बाहेर कलतो, वर पोचल्यावर पाय लटपटतात, वगैरे. त्याने ती सगळी लिहून काढली, चार पानं, अगदी रंगवून. आणि मला वाचायला पाठवली. आता अडचण अशी की पिसाचा मनोरा ७ जानेवारी १९९० ला लोकांसाठी बंद केला होता, कलणं वाढत होतं म्हणून, आणि तो पुन्हा उघडला डिसेंबर २००१ मध्ये. आम्ही गेलो १९९० च्या उन्हाळ्यात. चढणार कसे? त्याला सांगितलं तर भडकला, म्हणाला इंटरनेटवर काहीही लिहितात. आठवडाभर बोलला नाही. शेवटी त्याच्या बायकोनेच खुलासा केला की २००६ ला कंपनीच्या टूरवर गेलो तेव्हा हे वर चढले होते आणि मी खाली आइस्क्रीम खात बसले होते. म्हणजे गोष्ट खोटी नव्हतीच, फक्त सोळा वर्षं सरकून बसली होती, आणि १९९० चा हिरवळीवरचा फोटो समोर असल्यामुळे त्याच्या डोक्यात दोन्ही एकत्र शिवले गेले होते. ती चार पानं काढावी लागली. अजून तो म्हणतो की ठेवली असती तर काय बिघडलं असतं.

म्हणून माझी सवय अशी की आधी पासपोर्ट, मग तिकिटं, मग घरी पाठवलेली पत्रं आणि पोस्टकार्डं, मग फोटो, आणि आठवणी सगळ्यात शेवटी. पासपोर्ट पहिला का, तर शेंगेन, म्हणजे युरोपातल्या देशांनी आपसातली सीमेवरची तपासणी काढून टाकणारा करार, प्रत्यक्षात लागू झालं १९९५ ला, इटली त्यात आली १९९७ मध्ये आणि ग्रीस २००० मध्ये. त्याच्या आधी आपल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना जवळजवळ प्रत्येक देशाचा वेगळा व्हिसा लागायचा आणि सीमेवर शिक्का पडायचा. नातेवाईक म्हणतात तो कोपरा कापलेला कॅन्सल पासपोर्ट कशाला सांभाळायचा, फेका. अजिबात फेकू नका, तोच तुमच्या ट्रिपचा कणा आहे. फक्त शिक्के पानांच्या क्रमाने वाचू नका, अधिकारी मिळेल त्या पानावर ठोकायचे, त्यामुळे तारखांची यादी वेगळ्या कागदावर करा. ट्रिप २००० च्या नंतरची असेल तर शेंगेनमधल्या देशांचे मधले शिक्के सापडणारच नाहीत, मग तिकिटं आणि बोटीच्या पावत्यांवरच काम भागवावं लागतं.

पत्रांवरचा पोस्टाचा शिक्का पण सोन्यासारखा. आईने जपून ठेवलेल्या पोस्टकार्डांवरून आम्ही इटलीतल्या ब्रिंदिसीहून ग्रीसमधल्या पात्रासची बोट कधी पकडली ते बरोबर निघालं, नाहीतर त्यावर तिघांची तीन मतं होती.

फोटोंवर छापलेल्या नारिंगी तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवणारे पण खूप. बॅटरी बदलली की कॅमेऱ्यातली तारीख चुकायची आणि ती परत नीट लावायचा कंटाळा सगळ्यांनाच असायचा. शिवाय दिवस आधी का महिना आधी हे कॅमेऱ्याच्या सेटिंगवर असायचं. आमच्या एका कॅमेऱ्यावर, तो कुणाच्या तरी भावाने दुबईहून आणला होता, एका फोटोवर ७ ८ ९० आहे. सगळे म्हणाले सात ऑगस्ट. पण फोटो रोमचा, आणि मागे रस्ताभर जर्मनीचे झेंडे घेतलेली माणसं. त्या वर्षी फुटबॉलचा वर्ल्ड कप इटलीत होता, फायनल रोमला ८ जुलैला झाली आणि पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाला १-० हरवलं. म्हणजे महिना आधी, दिवस नंतर. एवढ्या एका फोटोवरून त्या कॅमेऱ्याचे सगळे रोल सरळ झाले. अशी एक पक्की खूण मिळेपर्यंत थांबायचं असतं, पण थांबायचं कुणाला असतं!

आता दुसरी माझी डोकेदुखी, निगेटिव्ह टाकून देणं. प्रिंट आहेत ना, स्कॅन पण केले, मग ही चॉकलेटी पट्टी कशाला? ओळखीतल्या एकांच्या मुलाने घर आवरताना दोन बिस्किटांचे डबे भरून निगेटिव्ह कचऱ्यात दिले, वर बापाला सांगितलं की मी सगळं डिजिटल केलंय. डिजिटल काय केलं तर अल्बममधल्या प्रिंटचे मोबाईलने फोटो काढले, निम्म्यांवर ट्यूबलाइटची चमक आणि एकात त्याचा स्वतःचा अंगठा. बरं, अल्बम लावताना कुणी क्रमाने लावत नाही, चांगले फोटो पुढे आणि बाकीचे मागे. त्यामुळे कुठलं बेट आधी आणि कुठलं नंतर हे सांगायला आता काहीच उरलं नाही, ग्रीसमधली पांढरी घरं सगळी सारखीच दिसतात. निगेटिव्हच्या कडेला फ्रेमचे नंबर असतात, १ ते ३६, ते कुणाला हलवता येत नाहीत. बाविसाव्या फ्रेमला ग्रीसच्या सामोस बेटाचं बंदर आणि पंचविसाव्याला तुर्कस्तानातलं कुशादासी असेल तर मधले दोन फोटो बोटीवरचेच, वाद संपला.

मी काय करतो, मोबाईल किंवा टॅबवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावून त्यावर पट्टी धरतो, भिंगातून बघतो आणि पट्टीगणिक एका कागदावर नंबर आणि काय दिसतंय ते लिहितो. वेळखाऊ आहे. याला ॲप आहे का असं विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तरच देत नाही. स्लाइड असतील तर कोडॅकच्या पुठ्ठ्याच्या फ्रेमवर बऱ्याचदा महिना-वर्ष छापलेलं असतं, पण तो रोल धुतल्याचा महिना, फोटो काढल्याचा नाही. परत येऊन तीन महिन्यांनी रोल धुवायला टाकला असेल तर हिशोब चुकतो.

मुंबई-कोकणातल्या लोकांच्या पट्ट्यांवर बुरशी हमखास असते. ओल्या फडक्याने पुसू नका, वरचा इमल्शनचा, म्हणजे ज्यात चित्र असतं तो थरच निघून येतो. आधी स्कॅन करून घ्या, मग चांगल्या लॅबवाल्याला दाखवा, आणि पुढे हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, दातांचा फ्लॉस मागून हळूहळू सरकवत न्या.

जुन्या पावत्या लॅमिनेट करू नका. थर्मल कागद गरम झाला की काळा होतो. एका काकूंनी स्पेनमधल्या सगळ्या पावत्या प्रेमाने लॅमिनेट करून आणल्या, आता त्यांच्याकडे कायमस्वरूपी काळे कागद आहेत.

खर्च लिहिताना ग्रीसचे द्राख्मा आणि इटलीचे लिरा आजच्या युरोत बदलू नका. ३४०.७५ द्राख्मांचा एक युरो आणि १९३६.२७ लिरांचा एक युरो हे चलनं बदलतानाचे भाव, तुम्ही गेलात तेव्हाचे नव्हेत. रुपयाचं तर १९९१ च्या जुलैत अवमूल्यन झालं, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या ट्रिपची तुलना करून आम्ही किती स्वस्तात फिरलो असं मिरवण्यात अर्थ नाही. आणि तुर्कस्तानने तर २००५ ला आपल्या लिराचे सहा शून्यच उडवले. जेवढे द्राख्मा दिले तेवढेच लिहा, आणि सोबत पाव केवढ्याला होता ते लिहा, वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

आजचं नेट वाचून कालचं वर्णन लिहिणारे तर लगेच पकडले जातात. अथेन्सचं नवं अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम २००९ ला उघडलं, त्यात तुम्ही १९९० ला मूर्ती बघितल्या नाहीत, तेव्हा टेकडीवरच्या छोट्या म्युझियममध्ये बघितल्या, आणि तिथल्या एरेख्थिऑन देवळाला खांब म्हणून उभ्या असलेल्या बाया तेव्हाही नकलाच होत्या, मूळच्या १९७९ लाच हलवल्या होत्या. आताच्या बोस्नियातला मोस्तारचा पूल नोव्हेंबर १९९३ मध्ये युद्धात तोफांनी पाडला, आजचा २००४ चा. तुमच्या फोटोत जुना पूल असेल तर खाली देश म्हणून बोस्निया लिहू नका, युगोस्लाव्हिया लिहा, तेव्हा तोच देश होता. आताच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्निकच्या तटावरून काढलेल्या फोटोत सगळी कौलं जुनी, फिकट असतील तर तो फोटो बहुतेक १९९१ च्या युद्धातल्या तोफगोळ्यांच्या आधीचा, नंतर अर्ध्या गावावर नवी लालभडक कौलं आली.

स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, फाईलची वाट लागते. ड्राइव्हवर टाका. आणि स्कॅन केल्यावर फाईलवर आजची तारीख येते, ती बदला, नाहीतर गॅलरीत तुमचं ऐन तारुण्य मागच्या मंगळवारी दिसतं.

शेवटचं, सोबत गेलेल्यांना एकत्र बसवून विचारू नका. आधी प्रत्येकाला वेगळा फोन करा आणि तो सांगतो ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. एकत्र बसले की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होते, आमच्याकडे तो कोण ते वर आलंच आहे. दोघांचं जुळलं नाही आणि कागदही मिळाला नाही तर दोन्ही लिहा, फोटोखाली "बहुतेक पात्रास" असं लिहायला लाजू नका. आणि फोटोबुकवाल्यांचं डिस्काउंट रविवारी संपतंय म्हणून मला शनिवारी रात्री फोन करू नका, ते डिस्काउंट दर महिन्याला येतं.