बोकडाच्या मटणाला उग्र वास येतो? चाऱ्यातील या चुका टाळा

घरी वाढवलेल्या बोकडाचे मटण चुलीवर चढवले आणि उग्र वास सुटला, की दोष बहुधा मसाल्याला नाहीतर कापणाऱ्याला दिला जातो. धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यात माळरानावर चरून वाढणाऱ्या उस्मानाबादी बोकडाच्या बाबतीत तर, शेवटच्या काही आठवड्यांत त्याच्यापुढे काय पडले याची चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी.

पहिली चूक चांगल्या हेतूने होते. वजन लवकर भरावे म्हणून कापण्याच्या दिवसापर्यंत भरपूर लसूणघास घातला जातो. या घासातील प्रथिने पोटात वेगाने फुटतात आणि त्यांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून तेथील सूक्ष्मजीव स्कॅटोल नावाचे उग्र वासाचे संयुग तयार करतात. ते रक्तावाटे चरबीत जाऊन साठते आणि चरबी तापली की बाहेर पडते. म्हणून वाढीच्या काळात लसूणघास अवश्य द्यावा, मात्र शेवटचे दोन आठवडे तो कमी करत नेऊन मारवेल गवत, कडब्याची कुट्टी व हरभऱ्याचे भुसकट यांवर भर द्यावा. सोबत थोड्या बाभळीच्या शेंगा द्याव्यात, कारण त्यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य प्रथिनांना बांधून ठेवते आणि ही फूट मंदावते. शेंगांचा अतिरेक केल्यास मात्र जनावराची भूक मंदावते, तेव्हा येथे हात आखडता असलेलाच बरा.

कांद्याचा भाव पडला की सडका-कोंब आलेला माल शेळ्यांपुढे ओतला जातो. हे दोन्हीकडून नुकसानीचे आहे: कांद्याचा वास दुधामांसात उतरतो, शिवाय त्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून जनावर अशक्त होते.

गाजरगवताची गोष्ट याहून चिवट आहे. पुण्याच्या परिसरात 1955 च्या सुमारास प्रथम आढळलेले हे तण आज मराठवाड्यातील गायरानांवर आणि बांधांवर मुबलक दिसते. पोटभर चारा असताना शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही. दुसरे काही हिरवे उरले नाही, की नाइलाजाने ओरबाडते आणि मग दूध कडवट होते, मटणालाही न आवडणारी चव येते. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे.

वास बोकडपणाचा असताना खापर चाऱ्यावर फोडणे, ही माझ्या मते सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ओळखण्याची रीत सोपी आहे. जिवंत बोकडाच्या शिंगांच्या मागच्या कातडीवर बोट घासून हुंगावे. तेथे गंधग्रंथी असतात आणि वयात आलेल्या नराच्या बाबतीत तो वास बोटाला पक्का चिकटतो. नराच्या चरबीतील शाखायुक्त मेदाम्लांतूनही तोच दर्प येत असल्याने, अशा बोकडाला महिनाभर मारवेल घातल्याने फरक पडत नाही. मटणासाठी ठेवायचे करडू दोन-तीन महिन्यांचे असतानाच पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्यावे. कातडी सोलताना केसांना लागलेला हात मांसाला लावू नये. बराचसा वास या हातानेच पसरतो.

चरबीच्या रंगावरून चाऱ्याचा अंदाज बांधणेही फसवे ठरते. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनमुळे गायीची चरबी पिवळसर होते, शेळी मात्र त्याचे जवळपास पूर्ण रूपांतर अ जीवनसत्त्वात करते, त्यामुळे तिची चरबी पांढरीच राहते. ती पिवळी दिसली तर काविळीची शंका घेऊन पशुवैद्यकाला दाखवावे आणि तोवर मांस वापरू नये.

मटण घरी आल्यावर शंका वाटलीच, तर चरबीचा लहानसा तुकडा कोरड्या तव्यावर वितळवून पाहावा. वास तेथेच तीव्र असेल तर शिजवण्यापूर्वी दिसेल तेवढी चरबी काढून टाकावी. चरबीला वास नाही, पण मांस गडद आणि चिकट लागते, असे असल्यास कारण चाऱ्यात नसून बहुधा टेम्पोतील दगदगीत असते. दमलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखर संपलेली असल्याने मांसात पुरेशी आम्लता येत नाही व ते लवकर खराब होते. बाजारातून आणलेल्या बोकडाला किमान एक रात्र सावलीत, पाण्याजवळ विसावा द्यावा.