तळ्यावरचा तवंग: चमकणारा वेगळा, झाकणारा वेगळा

उन्हाळ्यात शेततळ्याची पातळी उतरते, वारा पडतो आणि साचलेल्या पाण्यावर तवंग धरतो. मासे सोडलेले असतील तर तो कशाचा आहे, हे आधी ओळखा.

सप्तरंगी तवंग दिसला की संशय डिझेलवर जातो. काठीने तो ढवळून बघा. पापुद्र्यासारखे तुकडे होऊन ते सुटेच राहिले, तर तो लोहजीवाणूंचा थर. त्याची काळजी नको. काठीमागे पुन्हा जुळून आला, तर तेल. सप्तरंगी थर मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाइतकाही पातळ असू शकतो, म्हणजे लिटरभर तेल जवळजवळ पाऊण एकर पाणी व्यापतं! असा थर उजेड फारसा अडवत नाही. पण बारीक लहरी दाबतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात कमी मिसळतो.

उजेड अडवतात ते शेवाळाची साय, डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती), धूळ-भुसा आणि काळं जाड तेल. खाली अंधार झाला की प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, दिवसा ऑक्सिजन कमी बनवतात, रात्रभर वापरत मात्र राहतात. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात.

पाण्याची पारदर्शकता २० सें.मी. व्यासाच्या काळ्या-पांढऱ्या सेक्की डिस्कने मोजा. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. ३० ते ४५ सें.मी. ठीक. सकाळी १० ते दुपारी २ मध्येच मोजा; तिरप्या उन्हातला बराच उजेड पाण्यावरूनच परततो. पुष्कळजण साय बाजूला सारून मोजतात आणि आकडा बघून निर्धास्त होतात. तो आकडा खालच्या पाण्याचा, वरच्या झाकणाचा नव्हे.

साय वाऱ्याने ज्या कोपऱ्यात लोटली जाते, तिथून जाळीने काढा. हिरवा रंग सांडल्यासारखी दिसणारी साय विषारी असू शकते. जनावरांना ते पाणी पाजू नका, हातमोजे घाला. सगळ्या तळ्यावर एकदम शेवाळनाशक मारू नका, मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही खातं.

तेल पेंढ्याने किंवा गोणपाटाने टिपा. साबणाचं पाणी अजिबात नको, त्याने तेल फुटून कल्ल्यांपर्यंत जातं. पंपाच्या इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. पहिल्या पावसाचं रस्त्यावरून येणारं पाणी चर काढून बाहेर वळवा.