आधी हप्त्याकडे बघा, नुस्त्याकडे नंतर

घरातला पैसा आटला की बाईचा हात पहिल्यांदा स्वयंपाकघराकडे जातो. दूध अर्धा लिटर कमी, पोदेराकडून सहाऐवजी चार पाव, नुस्ते, म्हणजे मासे, आठवड्यातून दोनदाच. २०१२ साली मी हेच केलं आणि वर्षभर चुकीच्या जागी काटकसर करत राहिले. २०१८ साली आणि मग कोरोनाच्या २०२० साली तीच पाळी आली, तेव्हा सुरुवात दुसऱ्या टोकाने केली आणि घर सावरलं. ती रीत इथे सांगते. आमचं घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यात आहे. पण ज्यांचं पोट हॉटेलावर, टॅक्सीवर किंवा दुकानावर आहे त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. चीनकडून मागणी होती आणि आमच्या गावात ज्याला त्याला ट्रक घ्यायची घाई होती. आमचा एक ट्रक फिटलेला होता, ह्यांनी दुसरा कर्जावर घेतला. हप्ता महिन्याला ३४ हजार. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. दोन्ही ट्रक अंगणात उभे राहिले. मी पाव मोजत होते, त्यातून दिवसाला पाच-सहा रुपये वाचत होते. बाहेर उभा असलेला ट्रक त्याच दिवसाला अकराशे रुपये खात होता. "महिनाभरात सुरू होईल" असं प्रत्येक जण म्हणायचा, म्हणून आम्ही तो दीड वर्ष ठेवला. शेवटी विकला तेव्हा पट्ट्यातले सगळेच ट्रक विकायला निघाले होते. आलेल्या पैशांत कर्जही पुरतं फिटलं नाही.

म्हणून पहिलं काम वहीचं. मिळकत थांबल्याचं कळलं की त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरातली सगळी माणसं बसवा, कॉलेजातली मुलंसुद्धा. लांब वहीचं पान उभं चार भागांत आखा. पहिल्या भागात खर्च, दुसऱ्यात तो कुठल्या तारखेला येतो, तिसऱ्यात "चुकला तर काय होतं", चौथ्यात "कमी होतो का". तिसरा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. आमच्या मार्च २०१८च्या पानावर असं आहे: घराच्या कर्जाचा हप्ता, ११,५००, दहा तारीख, चुकला तर दंड आणि नाव खराब, बँकेशी बोलून कमी होईल. मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता, ३,२००, पाच तारीख, चुकला तर गाडी नेतील, कमी होत नाही. केबल, ३५०, चुकला तर काहीच होत नाही, बंद. रकमा मोठ्यापासून लहानापर्यंत लिहा. पान भरलं की दिसतं, वरच्या चार-पाच ओळींतच घराचा जीव आहे. नुस्ते आमच्या यादीत नववं होतं.

मग वरच्या ओळींना हात घाला. उभी राहून पैसे खाणारी वस्तू असेल तर ती आधी काढा, आणि लवकर काढा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ७ फेब्रुवारीला आला आणि खाणी बंद व्हायच्या होत्या १६ मार्चपासून. मधल्या पाच आठवड्यांत आम्ही उरलेला ट्रक विकला. ह्यांना फार वाईट वाटलं, दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. पण घाट उतरून आलेल्या गिऱ्हाइकाने ४ लाख १० हजार दिले. ते पैसे मुदत ठेवीत टाकून महिन्याला ठरावीक रक्कमच काढायची असं ठरवलं. शेजारी दिवाळीपर्यंत थांबले, त्यांना तसल्याच ट्रकाचे तीन लाखही आले नाहीत.

कर्ज असेल तर बँकेत हप्त्याच्या तारखेआधी जा. २०१२ साली आम्ही लाजेपायी गेलो नाही. तीन हप्ते चुकल्यावर माणसं दारात आली तेव्हा बोलायला गेलो. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं बुडीत सदरात पडतं आणि मग मॅनेजरच्या हातातही फारसं काही राहत नाही. आधी गेलं तर मुदत वाढवून हप्ता उतरवायची बोलणी करता येतात. जाताना पासबुक, मिळकत थांबल्याचा कागद आणि वहीतलं ते पान न्या. दोन गोष्टी हटकून विचारा: नवीन हप्ता किती, आणि मुदत संपेपर्यंत एकूण व्याज किती जास्त जाणार? उत्तर लेखी घ्या. २०२०च्या १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, तेव्हा पुष्कळांना ती माफीच वाटली. व्याज चालूच होतं. आम्ही ती फक्त घराच्या कर्जाला आणि फक्त तीन महिन्यांपुरती घेतली. क्रेडिट कार्डाची बाकी मात्र सगळ्यांच्या आधी फेडा. महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जातात. इतकं महाग कर्ज घरात दुसरं नसतं.

सोन्याचं काय? पैसा कुठल्या महिन्यात येणार ते ठाऊक असेल तरच गहाण ठेवा. ते ठाऊक नसेल तर एक दागिना सरळ विकून मोकळं होणं बरं, नाहीतर व्याज भरता भरता तोच दागिना लिलावात जातो. ऑगस्ट २०२०मध्ये दागिन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना परवानगी मिळाली, ती मार्च २०२१पर्यंत होती. जास्त मिळतं म्हणून जास्त उचलू नका. मी पाटल्या ठेवल्या आणि लागत होते तेवढेच ६० हजार घेतले. हा निर्णय बाईने स्वतः घ्यावा, कुणाच्या दडपणाखाली नाही.

आता, कशाला हात लावायचा नाही ते. २०१३च्या पावसाळ्यात सासूबाईंच्या उशीखाली मला रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. महिन्याची पाकिटं दोन महिने पुरवत होत्या. एक दिवसाआड गोळी, आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. "तुम्ही पाव मोजता, मी गोळ्या मोजल्या," म्हणाल्या. पंधरा दिवसांत त्यांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी इस्पितळात न्यावं लागलं, आठ दिवस ठेवलं. तेव्हापासून आमच्या वहीत औषधांची ओळ सगळ्यांत वर, लाल शाईत, आणि चौथ्या भागात "नाही". म्हाताऱ्या माणसांना काटकसरीची गोष्ट सांगताना औषध त्यात नाही हे तोंडाने स्पष्ट सांगा, आणि अधूनमधून पाकिटं बघा. महाग गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली घ्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड हातात पैसे असतानाच नूतनीकरण करून ठेवा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त जणांना चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मुलांची फी, दिव्याचं बिल यांनाही हात लावायचा नाही. विम्याची पॉलिसी मोडायच्या आधी हप्ता थांबवून ती कमी रकमेवर चालू राहते का, तिच्यावर कर्ज मिळतं का, ते विचारून घ्या.

मिळकत उतरली की पूर्वी न मिळणारी मदतही मिळू शकते. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मिळतात. बऱ्या दिवसांत आम्ही त्यात बसत नव्हतो. २०१८ नंतर बसलो, आणि अर्ज करायला मी सात महिने उशीर केला. तुम्ही करू नका.

एवढं झालं की मग स्वयंपाकघर. इथे कमी खाण्यापेक्षा वेळेवर भरून ठेवण्याने जास्त वाचतं, आणि ते आपल्या आज्यांनी शिकवलेलंच आहे. मे महिन्यातलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, चुकवू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत ताज्या नुस्त्याच्या मागे लागलात तर पाकीट रिकामं होतं. खारे बांगडे, गालमो (सुका जवळा), सोलां (आमसुलं), चिंच, सुक्या मिरच्या मेच्या मध्यापर्यंत घ्या. शेवटच्या आठवड्यात पाऊस तोंडावर आला की भाव चढतात. घेतलेलं सुकं नुस्ते दुकानातून आणलं तसंच डब्यात भरू नका. दोन कडक उन्हं द्या, हातात मोडून बघा, कडकन तुटलं पाहिजे. वाकलं तर ते ऑगस्टपर्यंत टिकणार नाही. फणसाच्या बिया लाल मातीत घोळवून सुकवल्या की कोपऱ्यात पडून राहतात आणि पावसात खारे घालून आमटी होते. गालम्याची किसमूर, सोलकढी आणि उकडा भात यावर चार माणसांचं जेवण फार थोड्यात निघतं, आणि कुणाला उपाशी राहिल्यासारखं वाटत नाही. पहिल्या पावसानंतर टायकळा आणि अळू परसातच असतं. ताजं घ्यायचं तर बाजार उठायच्या वेळी जा, इसवण म्हणजे सुरमई सोडा, तारले, पेडवे असले बारीक मासे घ्या.

पसरकाराकडची, म्हणजे वाण्याकडची, उधारी लपवू नका. काय झालंय ते त्याला सांगा, महिन्याची मर्यादा दोघांनी मिळून ठरवा, आमची तीन हजार होती. दर महिन्याला थोडंतरी द्या, पाचशे का होईनात. तोंड चुकवून दुसऱ्या दुकानात गेलात की दोन्हीकडची पत जाते.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, सगळ्यांत अवघड, कारण तिथे पैशाआधी मान उभा राहतो. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, विकत भरू नका. कांगणां, माटुळिंग, आंबाडे, सुपारीचा कातरा, केळीचा घड, प्रत्येकाच्या भाटात, बागायतीत काहीतरी असतंच. आम्ही वाड्यावरच्या पाच घरांनी आदल्या रविवारी वाटावाटी केली आणि पाचही माटोळ्या भरल्या. फटाके बंद केले. राहिलं लेकीचं वजें, म्हणजे तिच्या सासरी पाठवायच्या फराळाच्या टोपल्या. तिचं लग्न २०२०च्या फेब्रुवारीत झालेलं, म्हणजे पहिलंच वर्ष, आणि मुलाचा कळंगुटच्या हॉटेलातला पगार एप्रिलपासून अर्धा. चवथीच्या महिनाभर आधी मी स्वतः विहीणबाईंना फोन केला.

"विहीणबाई, यंदा वजें लहान येणार. घरच्या नेवऱ्या, लाडू, नारळ आणि केळी. कर्ज काढून टोपल्या भरायच्या नाहीत असं आम्ही ठरवलंय."

त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही आधी बोललात. आमच्याकडेही टॅक्सी मार्चपासून दारात उभी आहे. मलाही माझ्या लेकीकडे हेच सांगायचंय, धीर होत नव्हता." असा फोन चवथीच्या आदल्या दिवशी केला तर अपमान वाटतो. महिनाभर आधी करा, आणि निरोप दुसऱ्याच्या तोंडून पाठवू नका.

पगार पुन्हा पूर्ण सुरू झाला तरी तीन महिने वही तशीच चालवा आणि वाढलेला पैसा ठरवलेल्या क्रमाने घाला. आम्ही आधी पाटल्या सोडवल्या, मग पसरकाराची बाकी, मग घराच्या कर्जातले पुढे ढकललेले तीन हप्ते. पसरकाराने त्याच्या वहीत आमच्या पानावर आडवी रेघ मारली, त्या दिवशी ह्यांनी बाजारातून इसवण आणलं. सासूबाईंना मधला तुकडा वाढला.