थिन फिल्मच्या पेटंटचे क्लेम वाचायला बसण्याआधी

आपली फिल्म बनवायची पद्धत दुसऱ्याच्या पेटंटमध्ये अडकते का हे ठरवायला त्याचे क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी वाक्यं, वाचावी लागतात. हातातले क्लेम मंजूर झालेले आहेत की नुसते प्रसिद्ध झालेले, हे सगळ्यात आधी बघा. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो तेव्हा क्लेम ऐसपैस असतात. पुढे पेटंट कार्यालयाच्या परीक्षणात त्यांची छाटणी होते. अमेरिकी क्रमांकाच्या शेवटी ए१ म्हणजे अर्ज, बी१ किंवा बी२ म्हणजे मंजूर पेटंट. (२००१ च्या आधीचं असेल तर नुसता ए दिसतो, ते मंजूरच.) मागच्या खेपेची माझी सगळी टिपणं ए१ वरची निघाली. रद्दी.

पेन-कागदाचं सांगत नाही. स्वतंत्र क्लेम आधी, त्यांवर अवलंबून असलेले नंतर. एकेक पायरी वेगळ्या ओळीत उतरवा. एएलडीने (एकेक अणुथर चढवत फिल्म बनवायची पद्धत) अ‍ॅल्युमिनाची फिल्म असेल तर ट्रायमिथाइल अ‍ॅल्युमिनियमचा पल्स (वायूचा छोटा झोत), पर्ज (उरलेला वायू हुसकून लावणं), पाण्याच्या वाफेचा पल्स, पुन्हा पर्ज. पर्जवरून नजर पुढे सरकते, आणि वाद नेमका तिथेच होतो. स्पेशियल एएलडीत सबस्ट्रेटच (ज्यावर फिल्म बसते तो पृष्ठभाग) एका वायूतून दुसऱ्यात सरकतो, मधे नायट्रोजनचा पडदा असतो. त्या पडद्याला पर्ज म्हणायचं का? याचं उत्तर आधी स्पेसिफिकेशनमध्ये (पेटंटमधल्या सविस्तर वर्णनात) शोधा, गुगलवर नाही.

'खोलीचं तापमान' असं क्लेममध्ये आलं की थांबा. मे महिन्यात नागपुरात एसी बंद पडलेली लॅब चाळिशी गाठते. तेही खोलीचंच तापमान! स्पेसिफिकेशनमध्ये आकडा दिलाय का बघा. 'सुमारे' आणि 'जवळपास' यांचंही तेच. पायऱ्यांचा क्रम सक्तीचा असतोच असं नाही. क्लेमची भाषा किंवा रसायनशास्त्र तसं भाग पाडत असेल तरच. 'कम्प्रायझिंग' ('यांचा समावेश असलेली') असेल तर आपण एक पायरी जास्त केली म्हणून सुटका नाही.

आता परीक्षण अहवालाला अर्जदाराने दिलेलं उत्तर काढा. भारतीय अर्जाचं पेटंट कार्यालयाच्या इनपास या शोध-संकेतस्थळावर मिळतं. तिथे त्याने काय सोडून दिलं ते कळतं, आणि शेवटचे दुरुस्त क्लेमही तिथेच सापडतात. तुमच्या प्रिंटशी शब्द न शब्द ताडून बघा. खरंच बघा.

मग तक्ता: डावीकडे क्लेम, उजवीकडे आपल्या मशीनचा लॉग. फिल्म बाहेरून मागवली तरी भारतीय पेटंट कायद्याचं कलम ४८ आहेच. पेटंट घेतलेल्या पद्धतीने थेट तयार झालेला माल आयात करणंही त्यात येतं. २० वर्षं संपली का, नूतनीकरणाची फी भरली का, बघून घ्या. पेटंट एजंट नागपूरच्या धरमपेठेतला असो की मुंबईचा, रेसिपी दाखवण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.