महायुद्धाच्या काळातली नाणी जमवायचीत? आधी धातू ओळखायला शिका

दुसऱ्या महायुद्धातली जगभरची नाणी जमवायला सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी एकच सांगतो, देशांची यादी बाजूला ठेवा आणि हातातलं नाणं कशाचं आहे ते आधी बघा. १९३९ ते १९४५ मधे तांबं, निकेल सगळं दारूगोळ्याकडे आणि यंत्रांकडे वळलं, मग टांकसाळींनी जे हाताशी होतं त्यात नाणी पाडली, झिंक, लोखंड, ॲल्युमिनियम, जपानने तर १९४४-४५ चा १ सेन कथलाचा काढला. म्हणून पहिली खरेदी नाण्यांची नाही. एक चांगलं लोहचुंबक, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि दहापट दाखवणारं भिंग एवढं घ्या.

सुरुवात घरातूनच करा, आजीच्या डब्यात भोकाचा पैसा असतोच. तो १९४३ ते १९४७ चा, तांबं वाचवायला मधे भोक पाडलेलं, आणि त्यामुळे राजाचा चेहराही गेला, फक्त मुकुट राहिला. हे स्वस्तात मिळतात म्हणून कुणी नीट बघत नाही पण पाच-सहा शेजारी ठेवून भिंगातून बघा, मुकुटाचा आकार आणि अक्षरांची साईझ वेगवेगळी दिसेल.

मग रुपया. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया ९१.७ टक्के चांदीचा आणि १९४० पासूनचा फक्त ५० टक्के, वजन मात्र तेच ११.६६ ग्रॅम, म्हणजे इथे काटा काही सांगणार नाही, साल बघायचं. युद्धातल्या रुपयाची कड पण बघा, दातांच्या मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी असते, नकली नाण्यांना आळा बसावा म्हणून केलेली. लाहोरची टांकसाळ युद्धातच सुरू झाली, तिची खूण एल, ती शोधायला मजा येते. १९३९ चा रुपया कोणी स्वस्तात देतोय म्हणाला तर तिथून निघा, तो दुर्मिळ आहे आणि नकली खूप फिरतात.

बाहेरच्या देशांत अमेरिकेचा १९४३ चा १ सेंट आधी घ्या. स्टीलवर झिंकचा मुलामा, वजन २.७ ग्रॅम, चुंबकाला लगेच चिकटतो. त्या सालचे तांब्याचे सेंट चुकून पडले आणि ते मोजकेच आहेत, त्यामुळे स्टीलच्याच नाण्यावर तांब्याचं पाणी चढवून विकतात, चुंबक लावलं की खरं कळतं. (दुसरा प्रकार म्हणजे १९४८ च्या ८ मधला भाग खरवडून ३ करायचा, तो मात्र चुंबकाला फसवतो, आकडा भिंगाखाली बघाच.) फार चकचकीत स्टील सेंट मिळाला तर बहुतेक नंतर परत मुलामा दिलेला असतो, नाणं खरं पण कातडी नवी, त्याला जास्त पैसे देऊ नका. आणि याचा भाऊ पण शोधा, बेल्जियमचे १९४४ चे २ फ्रँक, अमेरिकेने फिलाडेल्फियात याच सेंटच्या उरलेल्या चकत्यांवर पाडलेले!

माझी आवडती जोडी नेदरलँडची आहे. जर्मनांच्या ताब्यातल्या देशात झिंकची करडी नाणी, राणीचा चेहरा नाही, आणि त्याच काळात अमेरिकेतल्या टांकसाळींमधे राणी विल्हेल्मिनाच्या चेहऱ्याची चांदीची १० सेंट. दोन्ही शेजारी ठेवली की देश व्यापला म्हणजे काय झालं ते दिसतं, मला अजून कुठल्या नाण्यांनी इतकं सांगितलेलं नाही.

जर्मन नाण्यांबद्दल एक पक्कं लक्षात ठेवा, हिटलरचा चेहरा असलेलं एकही नाणं चलनात आलं नव्हतं. चेहरा आहे तो हिटलरच्या आधीचे जर्मन राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचा, ५ मार्कवर. हिटलर असलेलं जे काही ऑनलाईन दिसतं ते चलनातलं नाणं नाही, घेऊ नका. जपानी नाण्यावर साल शोवा पद्धतीचं, म्हणजे त्या वेळच्या सम्राटाच्या राजवटीचं असतं, त्यात १९२५ मिळवा, शोवा २० म्हणजे १९४५. कॅनडाच्या १९४३ ते ४५ च्या ५ सेंटवर व्हिक्टरीचा मोठा व्ही आहे आणि कडेने मोर्स कोडमधे संदेश आहे, घरात पोरं असतील तर त्यांना वाचायला द्या.

आता सांभाळायचं कसं, कारण ही नाणी चांदी-तांब्यापेक्षा नाजूक. मी एकदा झिंकचं डच नाणं पाण्याने धुवून नीट न पुसता ठेवलं, पावसाळ्यानंतर त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड आली आणि ती गेलीच नाही. त्यामुळे धुणं नाही, चिंच, लिंबू, राख काही नाही, कडेला धरूनच उचलायचं. मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून हिरवट चिकट थर येतो, मायलरची (पातळ पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट घ्या, स्टेपल बाहेरून दाबून टाका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, आणि जूनच्या आधी त्या बदला.