घरातल्या नेटवर्कवरचा बॅकअप अडतो तेव्हा

घरात दोन-तीन लॅपटॉप असले, की प्रत्येकाला वेगळी हार्ड डिस्क लावत बसण्यापेक्षा एकाच ठिकाणी मोठी डिस्क ठेवून सगळ्यांचा बॅकअप नेटवर्कमधून तिच्यावर घेणे सोयीचे पडते. ती डिस्क जुन्या डेस्कटॉपमध्ये असेल, नॅस म्हणून विकत मिळणाऱ्या, थेट नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या पेटीत असेल किंवा थेट राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलेली असेल. बिघाडाची कारणे तिन्हीकडे बरीचशी सारखीच असतात. खरी अडचण ही, की बॅकअप अडला तर प्रोग्रॅम ‘बॅकअप पूर्ण होऊ शकला नाही’ एवढेच सांगतो आणि त्या एका ओळीमागे सैल झालेली केबल, बदललेला पासवर्ड, भरलेली डिस्क किंवा स्लीपमध्ये गेलेला डेस्कटॉप यांपैकी काहीही असू शकते. म्हणून प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये फेरफार करण्याआधी, तो जे काम आपोआप करतो तेच काम एकदा हाताने करून पाहावे. पुढचे वर्णन विंडोजचे लॅपटॉप आणि विंडोजच्याच डेस्कटॉपवर शेअर केलेला फोल्डर गृहीत धरून केले आहे. नॅस किंवा राउटरच्या बाबतीत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश, मग डेस्कटॉपचे नाव, मग एक बॅकस्लॅश आणि शेअर केलेल्या फोल्डरचे नाव टाइप करून एंटर दाबावे. फोल्डर उघडला तर नेटवर्क आणि लॉगिन दोन्ही ठीक आहेत. मग त्यात एक नवा फोल्डर तयार करावा. तो तयार झाला तर लिहिण्याची परवानगी आहे. त्यात पाच-सहा जीबीची एखादी फाइल टाकावी, ती तिथून परत लॅपटॉपवर घ्यावी आणि शेवटी शेअरवरची प्रत डिलीट करावी. डिलीट करण्याची पायरी गाळू नये, कारण बहुतेक प्रोग्रॅम जागा कमी पडू लागली की जुने बॅकअप पुसतात आणि पुसण्याची परवानगी नसेल तर काही महिने सुरळीत चाललेला बॅकअप एके दिवशी थांबतो. हे सगळे पाच-दहा मिनिटांचे काम आहे आणि ज्या पायरीवर आपण अडतो तिथूनच शोध सुरू करायचा असतो.

फोल्डर उघडतच नसेल आणि ८००७००३५ हा आकडा किंवा ५३ क्रमांकाची एरर दिसत असेल, तर लॅपटॉपला तो संगणक सापडत नाही असा त्याचा अर्थ आहे. अशा वेळी नावाच्या जागी डेस्कटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता, टाकून पाहावा. तो डेस्कटॉपवरच नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये मिळतो. पत्त्याने फोल्डर उघडला आणि नावाने उघडला नाही, तर दोष फक्त नाव ओळखण्यात आहे. त्यावर टिकाऊ उपाय म्हणजे राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या, सेटिंगमध्ये डेस्कटॉपसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणे आणि बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये नावाऐवजी तोच पत्ता देणे. मात्र विंडोजच्या लेखी नाव आणि पत्ता ही दोन वेगळी ठिकाणे असतात, त्यामुळे नावाखाली साठवलेला पासवर्ड पत्त्याला लागू होत नाही; तो नव्याने द्यावा लागतो.

पत्त्यानेही काही उघडत नसेल, तर अलीकडे घरात काय बदलले ते आठवावे. गेल्या पावसाळ्यात आमचा राउटर बंद पडला आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माणसाने नवा बसवून दिला. इंटरनेट लगेच सुरू झाले, त्यामुळे बाकी काही बिघडले असेल असे कोणाच्या मनातही आले नाही. पाच आठवड्यांनी आईचे एक पत्र शोधण्यासाठी मी बॅकअपचा फोल्डर उघडला, तेव्हा त्यातली शेवटची तारीख राउटर बदलण्याच्या आदल्या दिवसाची होती. दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असे आणि नवा १९२.१६८.० ने सुरू होणारे देऊ लागला होता, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये लिहिलेला पत्ता कुठेच उरला नव्हता. पत्ता दुरुस्त केल्यावरही फोल्डर उघडेना, कारण नवा राउटर दिसताच डेस्कटॉपवरच्या विंडोजने हे अनोळखी नेटवर्क आहे असे धरून ते पब्लिक ठरवले होते, आणि पब्लिक नेटवर्कवर विंडोजची फायरवॉल बाहेरून आलेली शेअरिंगची विनंती आत येऊ देत नाही. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून जोडलेल्या नेटवर्कच्या माहितीत ‘प्रायव्हेट’ निवडले की हे सुटते. पण ते ज्या संगणकावर डिस्क आहे त्याच्यावर करावे लागते. मी आधी लॅपटॉपवर करून पाहिले आणि त्यात एक संध्याकाळ गेली.

याच गटातली आणखी तीन कारणे वरचेवर आढळतात. लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायला जोडलेला असतो आणि ते नेटवर्क घरातल्या इतर उपकरणांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. किंवा रेंज वाढवण्यासाठी आतल्या खोलीत दुसरा राउटर लावलेला असतो आणि तो स्वतःचे वेगळेच पत्ते वाटत असतो; त्याला राउटरऐवजी ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी, चालवले की सगळी उपकरणे एका नेटवर्कमध्ये येतात. तिसरे कारण घरून काम करणाऱ्यांचे: ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारे व्हीपीएन सुरू असेपर्यंत अनेक लॅपटॉपना घरातली डिस्क दिसतच नाही.

जुनी नॅस पेटी किंवा राउटरला लावलेली डिस्क अचानक दिसेनाशी झाली असेल, तर कारण बहुधा एसएमबी या, नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याच्या प्रोटोकॉलच्या आवृत्तीत असते. त्याची पहिली आवृत्ती इतकी कच्ची होती की मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने तिच्यातल्याच एका त्रुटीचा आधार घेऊन जगभरातले संगणक कुलूपबंद केले; त्याच वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये ती आवृत्ती दिली जात नाही. ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. नॅसच्या सेटिंग्जमध्ये दुसरी किंवा तिसरी आवृत्ती निवडता येते का ते पाहावे, पेटीतले फर्मवेअर (ती चालवणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे आणि तरीही जमत नसेल तर त्या पेटीतली डिस्क काढून दुसरीकडे लावावी. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या अपडेटने प्रो आवृत्तीत आणखी एक दार बंद केले: पासवर्डाशिवाय, गेस्ट म्हणून शेअरवर जाणे आता चालत नाही. तिथे नॅसवर रीतसर युजरनेम आणि पासवर्ड तयार करणे हाच योग्य उपाय आहे.

संगणक सापडतो पण लॉगिन होत नाही, म्हणजे १३२६ किंवा ८६ क्रमांकाची एरर येते, तेव्हा पासवर्ड खरोखर चुकलेला असेलच असे नाही. डेस्कटॉप उघडताना आपण रोज चार आकडी पिन टाकतो आणि तोच पासवर्ड आहे असे समजतो, परंतु पिन त्या एका संगणकापुरता असतो आणि नेटवर्कवरून कधीच चालत नाही. हा गोंधळ कायमचा टाळायचा असेल, तर डेस्कटॉपवर फक्त बॅकअपसाठी एक वेगळे लोकल अकाउंट तयार करावे, त्याला पक्का पासवर्ड द्यावा आणि युजरनेम देताना आधी डेस्कटॉपचे नाव, मग बॅकस्लॅश, मग अकाउंटचे नाव अशा क्रमाने द्यावे. लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवते तिथे, त्या डेस्कटॉपची जुनी नोंद असेल तर ती आधी काढून टाकावी. १२१९ क्रमांकाची एरर म्हणजे त्याच डेस्कटॉपशी दुसऱ्या युजरनेमने आधीच जोडणी झालेली आहे. लॅपटॉप रीस्टार्ट केला की बहुधा ती सुटते.

फोल्डर उघडतो पण त्यात लिहिता येत नाही, तेव्हा परवानगी दोन ठिकाणी तपासावी लागते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगची परवानगी वेगळी आणि सिक्युरिटीची वेगळी असते, आणि दोहोंपैकी जी कडक असेल ती लागू होते.

मोठी फाइल चार जीबीच्या आसपास अडत असेल, तर डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. त्यावरचा सगळा मजकूर दुसरीकडे हलवून ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नाही. फाइल जाते पण फार हळू जाते, तेव्हा वेगाचा आकडा वाचावा. तो सेकंदाला ११ एमबीच्या आसपास घुटमळत असेल, तर कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात, त्यामुळे एखादी तार तुटली तरी जोडणी चालू राहते आणि केवळ वेग दहा पटींनी घसरतो. आमच्याकडे कपाटामागे चेपलेल्या केबलने असेच झाले होते. केबल बदलली आणि आकडा १०० च्या पुढे गेला. ११ एमबीच्या वेगाने २०० जीबीला पाच तास लागतात आणि दूरच्या खोलीतल्या वाय-फायवर वेग चारवर आला तर चौदा. पहिला पूर्ण बॅकअप म्हणूनच लॅपटॉप केबलने जोडून घ्यावा. पुढचे रोजचे बदल वाय-फायवरून सहज जातात.

हाताने सगळे जमते आणि रात्रीचा बॅकअप मात्र होत नाही, हा प्रकार सर्वांत जास्त चकवतो. आधी दोन्ही संगणकांच्या पॉवर सेटिंग्ज पाहाव्यात, कारण स्लीपमध्ये गेलेला डेस्कटॉप कोणालाच फोल्डर देऊ शकत नाही. मग ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणारा विंडोजचा टास्क शेड्युलर पाहावा: त्यात लॅपटॉप चार्जरला लावलेला असेल तरच काम सुरू करण्याची अट मुळातच लावलेली असते. दुरुस्तीसाठी आठवड्यातून एक दिवस वीज जाते अशा भागात, राहिलेले काम संधी मिळताच सुरू करण्याचा पर्यायही तिथेच निवडून ठेवावा. नेटवर्कवरच्या फोल्डरला झेड किंवा वाय असे ड्राइव्हचे अक्षर दिलेले असेल, तर ते अक्षर आपल्या लॉगिनपुरते असते. लॉगिन नसताना किंवा ॲडमिनच्या अधिकारात चालणाऱ्या कामाला ते दिसत नाही. म्हणून बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये अक्षर न देता दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण मार्गच लिहावा.

रोबोकॉपी ही विंडोजमधली फाइल्स कॉपी करण्याची कमांड वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. एखादी फाइल उघडी असल्यामुळे कॉपी झाली नाही, तर रोबोकॉपी आपण वेगळे सांगितले नसेल तेव्हा दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करत राहते आणि सकाळी बॅकअप अडकून बसलेला दिसतो. प्रयत्नांची संख्या दोन-तीनवर आणावी. शेवटी मिळणारा कोड आठपेक्षा कमी असेल तर काम झाले असे समजावे. टास्क शेड्युलरमध्ये दिसणारा एक हा आकडा फाइल्स कॉपी झाल्याचे सांगत असतो.

दुरुस्ती झाली की लगेच एक फोल्डर परत आणून पाहावा, आणि तोही मूळ जागी न टाकता लॅपटॉपच्याच स्क्रीनवर नव्या नावाने. त्यातला एखादा फोटो उघडावा, एखादी एक्सेलची फाइल उघडून शेवटची नोंद वाचावी आणि तिची तारीख कालची आहे ना ते पाहावे. बॅकअपच्या फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार रोजच्या वापराच्या अकाउंटला ठेवू नये, कारण लॅपटॉपमध्ये शिरलेले रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारा प्रोग्रॅम) त्या अकाउंटला जिथे लिहिता येते तिथपर्यंत पोहोचते. महिन्यातून एकदा याच फोल्डरची प्रत यूएसबी डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. आमच्याकडे तिच्यावर पेन्सिलीने शेवटच्या प्रतीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते आणि दर महिन्याला ती बदलली जाते.